पाठमोरं वाक्य

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकच खुर्ची आहे. खोलीला खिडकी नाही. समोर भिंतभर टीव्ही, टेबलावर हेडफोन, चष्म्याची डबी आणि एक छापील कागद. खुर्चीत पासष्टीचे एक गृहस्थ बसलेत. पाठ ताठ, मान जराशी पुढे, एखाद्याला आता पकडायचंच आहे अशी. हे आमचे कुजबुजमास्तर.

नाव आम्ही नाटकवाल्यांनी ठेवलेलं. तीस वर्षं विंगेतल्या स्टुलावर बसून त्यांनी आम्हाला विसरलेली वाक्यं पुरवली. वही मांडीवर, पण नजर कायम आमच्या ओठांवर. ओठ अडखळायच्या आत शब्द कानात पोचायचा आणि पहिल्या रांगेला पत्ता लागायचा नाही. मी राणी होते तेव्हा एकदा माझ्या तोंडून दासीचं वाक्य गेलं. मास्तरांनी क्षणात दासीला राणीचं वाक्य पुरवलं आणि प्रवेश टाळ्यांवर संपला! असा माणूस.

आमची नाटक मंडळी बंद पडली आणि काही वर्षांनी मास्तरांना एका वाहिनीनं बोलावलं. पैसे भरून बघायची वाहिनी. फक्त निवडक नाट्यमालिका, मध्ये जाहिरात नाही. जाहिरात नाही म्हणजे प्रेक्षक मन लावून बसणार, आणि चूक लपवायला जागा उरणार नाही. म्हणून प्रत्येक भाग दाखवण्याआधी कुणीतरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचा. चित्र उडतंय का, आवाज तुटतोय का, ओठ आणि शब्द मागेपुढे होतायत का, ते कागदावर लिहायचं आणि खाली सही करायची. "यंत्राचं यंत्र बघतं, नाटक बघायला माणूस लागतो," असं वाहिनीचे प्रमुख म्हणाले आणि मास्तरांना खुर्ची मिळाली. संहितेची वही मात्र मास्तर घेत नसत. "प्रेक्षकाला कुठे वही देता? मग मलाही नको."

मास्तरांच्या घरी वहिनी वैतागलेल्या. "साहेब झाल्यापासून हाकेला ओ देत नाहीत," त्या मला सांगायच्या. "मी ओट्याकडे तोंड करून बोलले की ऐकायचंच नाही. समोर जाऊन उभी राहिले की मग, अगं, बोल ना!" आम्ही दोघी खूप हसायचो. नवऱ्याला बायकोचं ऐकू येत नाही, यात काळजी करण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतं?

त्या दिवशी बारा भागांच्या एका मालिकेचा शेवटचा भाग संध्याकाळी आठला जायचा होता. त्यात माझं शेजारणीचं छोटं काम होतं. एका कागदावर सही करायला मी वाहिनीच्या कचेरीत गेले आणि पाचला आम्ही दोघं खालच्या कँटीनमध्ये चहाला बसलो. मास्तर खुशीत होते.

"अक्का, काय थांबते हो ती!"

"कोण?"

"मालिकेतली आई. मुलगा विचारतो, बाबा आपल्याला टाकून का पळाले? आणि ती खिडकीकडे तोंड करून गप्प. मोजून अकरा सेकंद. पोरगं ढसाढसा रडतं! मी कागदावर शेरा मारला, 'विराम उत्तम.' असा विराम आपल्याकडे कुणी घेतला नाही. तुम्ही तर नाहीच."

"मी घेतला की तुम्ही लगेच वाक्य फेकायचात," मी म्हटलं. आणि मग कप खाली ठेवला. "मास्तर, तिथे विराम नाही."

"म्हणजे?"

"मी त्याच खोलीत दाराशी उभी होते. ती बोलते. दबक्या आवाजात, पण बोलते. 'तुझे बाबा पळाले नाहीत. मी घालवलं त्यांना.' अहो, सगळी मालिका त्या वाक्यासाठीच तर आहे!"

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"कापलं असेल नंतर."

"मग पोरगं रडतं कशाला?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. मास्तर मला ऐकत नव्हते. ते मला वाचत होते.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"दोन वर्षं. डावा कान आधी गेला. समोरून बोललेलं सगळं कळतं, अक्का, शप्पथ. हेडफोनचा आवाज शेवटापर्यंत वाढवतो. पण इथे कळलं तर संपलंच. बहिऱ्याला कोण ऐकायला बसवतो?"

आता दोनच शक्यता होत्या. एक तर त्या भागातून ते वाक्य खरंच गायब होतं, आणि आठ वाजता घरोघरी एक मुकी आई दिसणार होती. नाहीतर वाक्य जागेवर होतं, आणि गायब होते ते मास्तरांचे कान. कुणाला विचारलं नाही तर दुसरी गोष्ट झाकलेली राहिली असती. मी हळूच म्हटलं, "मी येते वर. मी ऐकून सांगते. कुणाला कळायला नको."

"तुमचा काय उपयोग? तुम्हाला वाक्य येतं. आवाज गेला असला तरी तुम्हाला ऐकू येईल."

खरं होतं. वाक्य माहीत नसलेले कान हवे होते. ते होते ध्वनी विभागातल्या बाईंकडे, दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात मास्तर तीनदा थांबले. एकदा परत फिरून चार पायऱ्या उतरलेसुद्धा. मी काही बोलले नाही. बोलले असते तरी माझी पाठ त्यांच्याकडे होती.

बाई डबा उघडून बसल्या होत्या. "मास्तर, शेवटचा भाग? मी घरी मुलांबरोबर बघणार होते हो!"

"एवढंच दृश्य ऐका. काय ऐकू येतं ते सांगा."

त्यांनी हेडफोन चढवले. पडद्यावर आई खिडकीकडे वळली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, मास्तर बाईंच्या चेहऱ्याकडे. सहा सेकंद, सात, आठ. बाईंचा हात तोंडावर गेला.

"अगं बाई! तिनेच घालवलं त्याला?" हेडफोन काढत त्या ओरडल्या. "शेवट फोडलात की माझा! आवाज तर स्वच्छ आहे. तपासायचं काय होतं यात?"

मी सुटकेचा श्वास सोडला आणि मास्तरांची बाही ओढली. चला, भाग शाबूत आहे, आता घरी चला. काही नाही, सहज, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मास्तरांनी बाही सोडवून घेतली.

"प्रमुखांना बोलवा जरा," ते बाईंना म्हणाले.

प्रमुख धावतच आले. "काय झालं? आजचा भाग जातोय ना?"

"भाग ठीक आहे. तपासणारा ठीक नाही." आणि मास्तरांनी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, एकाही शब्दाला न अडखळता. प्रमुख मध्येच एकदा फोनकडे वळून काही बोलले, तेव्हा मास्तर म्हणाले, "इकडे तोंड करून बोला, साहेब."

प्रमुख खुर्चीत बसले. "अशा कानांनी पास केलेले किती भाग अजून दाखवायचे आहेत?"

"एकवीस."

"एकवीस! अहो, मग आजच कशाला सांगितलंत? निदान उद्या तरी सांगायचं!" त्यांनी कपाळाला हात लावला. "तुमचं काय करायचं ते मला आत्ता सुचत नाही, मास्तर. आधी हे निस्तरू दे."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि तो बाजूला सारला. मास्तरांनी खिशातून तो कागद काढला, 'विराम उत्तम'वर रेघ मारली, आपली सही खोडली आणि कागद बाईंपुढे ठेवला. मग हेडफोन उचलून त्यांनी बाईंच्या हातात दिले.

"सोमवारच्या मालिकेचा तिसरा भाग आधी लावा," ते म्हणाले. "कोर्टाच्या प्रवेशात वकील सबंध वेळ पाठमोरा आहे. मी लिहून ठेवलंय, वकील फार संयमी वाटतो."