दारातल्या काट्या

मानोऱ्याच्या बसस्टँडवर उसाच्या रसाचा वास आला की मला मी शिकवायचे त्या वर्गातली एक मुलगी आठवते. तिच्या तांड्यावरची माणसं ऊसतोडीला निघताना घराच्या दारात बाभळीच्या काट्या लावून जात. तिचे आईवडीलही तसेच गेले होते आणि ती मामीकडे राहिली होती. एकदा मी मुलांना दुसऱ्या जगाची गोष्ट रचायला सांगितली. कुणी चंद्रावर गेलं, कुणी परीच्या महालात. ती उभी राहून म्हणाली, "पोरगी काट्या बाजूले सारते अन् आपल्याच घरात जाते. आत माय भाकरी करून राह्यली असते." उन्हाळ्यात माणसं परतली, घरोघरच्या काट्या निघाल्या. तिच्या दारातल्या मात्र तशाच राहिल्या. आता मी गोष्टी लिहिते, पण इतकं दूरचं जग मला अजून सुचलेलं नाही.