काकांना विचारून सांगतो

रशियाचा शेवटचा झार मी शाळेत दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं. बाप अचानक गेला, तर हा सव्वीस वर्षांचा घोडा रडत म्हणतो, मला राज्य करायचं काहीच ठाऊक नाही! बापाने शिकवलं नव्हतं, मान्य. पण मग आता शिक ना बाबा! छे. काका सांगतील तशी मान डोलवायची. राज्याभिषेकाच्या वेळी भेटवस्तूंसाठी गर्दी उसळली, हजारावर माणसं चेंगरून मेली, आणि काकांनी आग्रह केला म्हणून हा त्याच संध्याकाळी मेजवानीत नाचला. मनात नसताना. "मिस, तो सरळ नाही का म्हणाला नाही?" मुलं विचारतात. पूर्वी मी हसून सांगायचे, बावळट होता म्हणून. हल्ली हसू येत नाही.

माझे सासरे साउथहॅम्प्टनमध्ये सर्जन होते. पडद्यांच्या रंगापासून मुलाच्या नोकरीपर्यंत घरातलं सगळं तेच ठरवायचे. ते गेले तेव्हा माझा नवरा जिन्यात बसून म्हणाला, "मला यातलं काहीच येत नाही गं." मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. पण पुढे बॉयलर बिघडला तरी एकच उत्तर, "पिनरच्या काकांना विचारून सांगतो." हे काका म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ, दीड-दोन तासांवर पिनरला राहणारे. कप्पाळ माझं!

मागच्या गणपतीत सासूबाई हॉस्पिटलात होत्या. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांना फक्त घरी, स्वतःच्या पलंगावर मरायचं होतं. विसर्जनाच्या सकाळी डॉक्टर म्हणाले, न्यायचं तर आजच न्या, हो म्हणा, गाडी मागवतो. मी हो म्हणायला तोंड उघडलं तर आईंनीच मला थांबवलं. "त्याला विचारा. आता घरातला कर्ता तो."

कर्ता म्हणाला, "हो, नेऊ या." मग काकांचा फोन आला. "वेडा आहेस का? घरी काही झालं म्हणजे?" कर्ता म्हणाला, "नको." मी कॉरिडॉरमध्ये ओरडले, "अरे, आईच्या तोंडाकडे बघ तरी!" पुन्हा हो. पुण्याहून मावशींचा फोन, पुन्हा नको. नर्स विचारून विचारून थकली. दुपार गेली, गाडीची वेळ टळली.

संध्याकाळी परत काका. मंडळाच्या आरतीला वडिलांच्या जागी तूच उभा राहायला हवास, लोक काय म्हणतील!

"तुला जायचंय का?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला, आणि गेला.

आई सकाळपासून गाउनवर स्वतःचा कार्डिगन घालून, पर्स पोटाशी धरून तयार होत्या. "हो म्हणाला का गं तो?" त्यांनी विचारलं.

"हो म्हणाला, आई. गाडी येतेय."

"मला वाटलंच," म्हणाल्या आणि डोळे मिटले. ते पुन्हा उघडलेच नाहीत.

नवरा आला तो रेशमी कुडत्यात, कपाळावर गुलाल, हातात मोदकांचा डबा. त्याने आईकडे पाहिलं आणि भिंतीला टेकला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. काकांचा आवाज मला पलंगाच्या या बाजूलाही ऐकू येत होता.

"मी विचार केला रे. वहिनींना घरीच ने."

"हो, काका," तो म्हणाला.