त्याला रकाना नाही

दोन हजार अकरा साल, मला एकाहत्तरावं लागलेलं. गावचा कारभार तपासायला शहरातून एक बाई आल्या आणि छापील कागदावर खुणा करत बसल्या. मी म्हटलं, "बाई, शेवटच्या घराला नळाचं पाणी पोचतं का ते लिहा. आम्ही त्यावरून कारभार ओळखतो."

"बाबा, त्याला रकाना नाही."

"मग पाडा की."

"कागद वरून येतो, बाबा."

शेवटचं घर माझंच. सून रोज नळावरून रिकामा हंडा घेऊन परतते. आपलं दुखणं आपण सांगावं, तर कुठं दुखायचं तेही विचारणाराच ठरवतो. थकतो माणूस. गावाला 'उत्तम' शेरा मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कोळशानं, वाकड्या अक्षरांत लिहिलं: शेवटचं घर, आज पाणी नाही. खाली सही केली.