तिसऱ्या पायरीचे रेल्वेवाले

आमचं ऑफिस बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, पण जुन्यांपैकी कुणी मीरा रोडला भेटलं की तासभर हलत नाही. एकाने एक किस्सा काढला की दुसऱ्याला तीन आठवतात, आणि भाजीची पिशवी हातातच राहते!

भाईंदर ईस्टला, खारी गावाजवळच्या एका गाळ्यात आमचं ऑफिस. नव्वदीची सुरुवात. मी टायपिस्ट. दिल्लीची एक बडी कंपनी आफ्रिकेत रेल्वेलाइन टाकत होती. तिने रुळांचं काम मुंबईच्या एका कंपनीला दिलं आणि त्या मुंबईवाल्यांनी ते गुपचूप आमच्या हसमुखशेठना. मूळ करारात काम असं खाली द्यायला सक्त मनाई! त्यामुळे आमची अकरा माणसं परदेशात आणि आमचं नाव कुठल्याच कागदावर नाही. उद्या तिकडे काही झालं तर यांना 'आमची माणसं' कोण म्हणणार, ही धाकधूक मला रोज असायची.

*

माणसं निवडली रत्नागिरीच्या सावंत मिस्त्रींनी. त्यात वरसाव्याचा एक फिटर होता, कामाला वाघ. शेठ त्याला पगार, विमान, ओव्हरटाइम सगळं समजावतायत. शेवटी हा म्हणाला, "ता सगला ठीक हाय, पन तिकरं भात हाय का न्हाय?"

शेठनी चौकशी केली. साइटवर भात नव्हता. झालं! पहिल्या शिपमेंटला रुळांच्या क्लिपा मागे राहिल्या, तांदूळ पुढे गेला.

*

साइटवर दिल्लीच्या मेन कंपनीची हेल्मेटं घालायची आणि तोंड उघडायचं नाही, अशी ताकीद होती. एकदा तिथले मंत्री पाहणीला आले, सोबत आपल्या दूतावासाचे साहेब. साहेबांनी कौतुकाने सावंतांना विचारलं, "आप किस कंपनी से हैं?"

सावंतांना खोटं बोलता यायचं नाही. त्यांनी शांतपणे हेल्मेट काढलं, त्यावरचं नाव वाचलं, परत डोक्यावर ठेवलं आणि म्हणाले, "आज ये वाली."

*

कामाच्या पहिल्या दिवशी सावंतांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, बाकीचे दहा जण "व्हय महाराजा!" म्हणून ओरडले आणि रुळावर नारळ फोडला. तिथला इन्स्पेक्टर बाजूला उभा राहून मन लावून काहीतरी लिहीत होता.

महिन्याने पत्र आलं: पहिल्या किलोमीटरला केलेली टेस्ट प्रत्येक किलोमीटरला झालीच पाहिजे! भाईंदरच्या बाजारातून नारळांची पोती गेली. कागदांवर शेठनी मला लिहायला लावलं, 'टेस्टिंग इक्विपमेंट'.

*

रविवारी साइटवरून फोन यायचा, तीन मिनिटांचा. सगळ्यांच्या घरची माणसं गाळ्यात जमायची. रिसीव्हर सावंतवहिनींकडे, कारण आवाज त्यांचा मोठा. "गुरवाच्या पोराला दात आला! पाटलाच्या आईचं ऑपरेशन नीट झालं!" अशी दहाही घरं आटपायची आणि मग, "आपलं काय नाय, सगळं बरं हाय. ठेवते!"

नंतर त्या पदराने रिसीव्हर पुसून ठेवायच्या. मी उगाचच टायपरायटरमध्ये कागद घालत बसायचे. फार वाईट वाटायचं.

*

मग तिथल्या आणि आपल्या सरकारचं बिनसलं. मेन कंपनीची माणसं मिळेल त्या विमानाने निघाली, आमची मागे राहिली. दूतावासाचा फॅक्स आला: ही माणसं कंपनीच्या यादीत नाहीत. कुणाची आहेत, किती आहेत, सहीनिशी कळवा, तरच परत पाठवू.

पाठोपाठ मधल्या कंपनीचा फोन. "सही केलीत, तर पुन्हा कुठेच काम मिळणार नाही!"

शेठनी फोन ठेवला. "टाइप करो, बेन. माणसो मारा छे."

"तुमची माणसं अकरा, असं लिहू ना?" मी विचारलं. पण फॅक्ससोबत सावंतांच्या अक्षरातली यादी होती, तीत नावं बारा! बारावा कुणी मेहरा, हुद्दा गँगमन. असा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच.

शेठनी दोनदा मोजलं. "सावंतने लिहिलंय ना? मग बारा." आणि सही केली.

विमानतळावर आमचे अकरा जण बाहेर आले. त्यांच्या मधोमध, सावंतांचा स्वेटर घातलेला एक खंगलेला माणूस.

"मेन कंपनीचे मेहरा इंजिनिअरसाहेब," सावंत हळूच म्हणाले. "मलेरियाने हॉस्पिटलात पडले होते. त्यांचे लोक निघाले, पण ह्यांना न्यायचं राहिलं."

शेठनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला. "साहेब, दिल्लीला फोन करतो. क्या बोलूं, किसके आदमी हो?"

साहेबांनी कप दोन्ही हातांत धरला.

"सावंत मिस्त्री का," ते म्हणाले.