आहेरात गेलेल्या गोष्टी

सत्तरच्या दशकात, शाळेत मराठी शिकवत असताना, मी पदरचे पैसे घालून माझा पहिला कथासंग्रह छापला. पाचशे प्रती घरी आल्या. ओळखीपाळखीत वाटल्या. सगळे ‘वा, छान’ म्हणाले आणि वाचलं कोणीच नाही. आमच्या ह्यांनी गठ्ठे रचून, वर गादी घालून त्यांचा दिवाण केला आणि ‘हिच्या साहित्यावर मस्त झोप लागते’ असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. मला एवढंच हवं होतं, की तोंडओळखही नसलेल्या एका तरी माणसानं ते पुस्तक आपणहून वाचावं. त्यापायी मी इरेला पेटले आणि विक्रीसाठी माणूस नेमला.

माणूस इतवारी बाजारातला. भांड्यांच्या दुकानात आहेराच्या वस्तू खपवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. माझ्या पुस्तकाचं नाव ‘संसार सुखाचा झाला’. आत अकरा गोष्टी, आणि एकीतही संसार सुखाचा होत नाही. या उपरोधाचा मला फार अभिमान होता. त्यानं मुखपृष्ठावरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि पुस्तक न उघडताच म्हणाला, “ताई, नाव एक नंबर हाय. तुमी आता फिकर करू नका.”

लग्नसराई लागली आणि दिवाण खाली बसू लागला. दर आठवड्याला एक गठ्ठा जायचा. रस्त्यात कोणी अनोळखी माणूस जरा रोखून बघू लागला, की मला वाटायचं, हा वाचक असावा. हे जमिनीवर सतरंजीवर आले. मी मनातल्या मनात दुसरी आवृत्तीसुद्धा काढून टाकली.

वैशाखात एका सहशिक्षिकेच्या मुलीच्या लग्नाला गेले. आहेराच्या टेबलावर मिल्क कुकर, लेमन सेट, घड्याळं आणि त्यांच्यामध्ये माझी पुस्तकं. नऊ! जिलेटिनच्या चकचकीत कागदात, वर कुंकवाचं बोट लावलेली. एक उघडून पाहिलं. ‘दार उघडून बाहेर पडलेल्या बायकांना’ ही माझी अर्पणपत्रिका, आणि नेमकी तिच्यावर ‘सप्रेम भेट’ची चिठ्ठी डकवलेली. वधूमाय माझा हात हातात घेऊन म्हणाली, “असेच आशीर्वाद असू द्या पोरीला.” मी मठ्ठ्याचा पेला तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात इतवारी गाठली.

“अहो, आत बायका नवऱ्याला सोडून जातात! नाव उपरोधानं दिलंय ते.”

त्यानं पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. “उपरोध कुठी छापला हाय? मले तं दिसून नाही राहिला.”

“आत वाचायचं असतं!”

“ताई, डब्यात लोक काय भरते, ते भांडेवाला पाहून राहते का?”

मग त्यानंच समजूत घातली, की घाबरायचं कारण नाही, आहेराचं पुस्तक कोणी वाचत नसतं, ते पुढच्या लग्नात फिरवतात. हे ऐकून मात्र मला खरोखर रडू आलं.

दिवाळीच्या सुमारास एका दुपारी दारात नऊवारीतली एक बाई उभी राहिली. हातात माझं पुस्तक. प्रकाशक म्हणून आमच्याच घरचा पत्ता छापला होता. त्या पत्त्यावर ती सावनेरहून एसटीनं आली होती.

“सुनेले आहेरात आलतं,” ती म्हणाली.

मोडला वाटतं एक संसार, मी मनात म्हटलं. हे लगबगीनं आतल्या खोलीत गेले.

“सून तं हात नाही लावत त्याले. मीच वाचलं सारं. दोनदा.” ती खाली बसली आणि तिसरी गोष्ट काढून तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. “ही बाई घर सोडून जाते, तं फाटकापाशी मागं वळून पाह्यते म्हणता तुमी. खोटं हाय ते. मी गेलती ना एकदा. पार टेसनापर्यंत. मी नाही पाह्यलं वळून.”

“मग परत का आलात?”

“अवं बाई, चुलीवर दूध ठेवलं होतं.”

मी पेन आणलं आणि तिच्यासमोर माझं ते वाक्य खोडलं.