टेलच्या वावरात आलेलं पाणी

वर्ध्याला उतरले तेव्हा रेल्वेच्या बाकड्यानं पाठीचं पार भुस्काट झालं होतं, तरी मन खुशीत होतं. अक्काच्या शेतात यंदा कालव्याचं पाणी येणार होतं! वडील रेल्वेत. वर्ध्याला बदली असताना त्यांनी अक्काला देवळीकडच्या एका शेतकरी घरात दिलं आणि आम्ही बाकीचे मिरजेकडं परतलो. पुढं बऱ्याच वर्षांनी, ऐंशीच्या आगेमागे, हिवाळ्यात शाळेत रजा टाकून मी तिचा हरभरा बघायला निघाले.

देवळीपर्यंत एसटी मिळाली. तिथं दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, बंडी (बैलगाडी) घेऊन उभे होते. वाट कालव्याच्या कडेकडेनं जाते. इथले लोक त्याला नहर म्हणतात. वरच्या गावांत नहराची दारं सताड उघडी होती. पाणी शेतात मोकाट सोडलेलं, ना वाफा ना सरी. गहू चिखलात उभा, आणि राखायला माणूस औषधालाही नाही. उतू गेलेलं पाणी वाटेवर आलं होतं. त्यात बंडीचं चाक रुतलं. उतरून ढकलताना माझी एक चप्पल चिखलानं गिळली, ती काही परत दिली नाही.

"धनी कुठायत या शेतांचे?" मी चिडून विचारलं.

"घरी असतीन," दाजी म्हणाले. "इथं पानी आपलं आपनच फिरते, कुसुमबाई."

पुढं नहर बारीक होत गेला आणि गावाजवळ तर कोरडाच पडला. तळाच्या फरशीवर शेळ्या रवंथ करत बसल्या होत्या. नहराच्या या शेवटच्या टोकाला टेल म्हणतात, आणि टेलवरचं अगदी शेवटचं वावर (शेत) दाजींचं. आता कौतुक करायला पाहिजे ते इथं. धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेनं दाजींनी सरळ दांड काढला होता, म्हणजे पाणी नेणारी चारी. त्यातून दोन्ही अंगांना लांबट वाफे, असे सपाट केलेले की पाणी आलं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं चालावं. फक्त पाणी नव्हतं. हरभरा पावलाएवढा राहिला होता, तरी बिचारा फुलला होता.

अक्कानं तुरीच्या सोल्यांची (ओल्या दाण्यांची) भाजी, ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी वाढली. अक्काची बोली आता पुरती वऱ्हाडी झाली आहे. "दरसाल नहराचे साहेब लोक म्हनते, पानी येते येते," ती म्हणाली. "वरचे सोडतीन तवा येईन ना! यांनी वाफे करून ठेवले, मी दांड सारवाचाच बाकी ठेवला."

मग अवकाळी पाऊस आला. सगळी काळी माती पिऊन फुगली, पायाला भाकरीएवढे गोळे चिकटू लागले. हरभऱ्याला तेवढी ओल पुरे होती. अक्का तर देवाला हात जोडून मोकळी झाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गावात आरडाओरडा झाला, "नहर आला! नहर आला!"

कसा नाही येणार? पाऊस झाल्यावर वरच्या गावांना पाणी नकोसं झालं, त्यांनी आपली दारं बंद केली आणि सगळा लोंढा खाली ढकलला. दाजी धावत वावरात गेले. मागून आम्ही. त्यांनी दांडाच्या तोंडाशी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि फावडं उचललं.

"अवं माय! काऊन फोडता?" अक्का ओरडली. "हरभरा पिवळा पडून बसन ना!"

"मले माहीत नाई का?" दाजी म्हणाले. "आज पानी नाई घेतलं तं साहेब लोक म्हनतीन, टेलले गरजच नाई. मंग जल्मात पान्याची पाळी भेटाची नाई."

मी म्हटलं, "अहो, मग त्या पडीक तुकड्यात सोडा की!"

"पडकात सोडलं तं नासाडी केली म्हनतीन. पिकात पानी दिसाले पायजे. नहराचा चौकीदार येईन, त्याले पाहू द्या."

आणि त्यांनी दांड फोडला. ते सुंदर वाफे एकामागून एक भरले. अक्का धुऱ्यावर बसून रडत होती. दाजी फावडं टेकून नहराच्या वाटेकडं बघत उभे होते, चौकीदार येतो का म्हणून. रोज बघत होते. हरभरा खालून पिवळा पडत गेला, घाटे धरायच्या आधीच माना टाकू लागला, आणि चौकीदार काही फिरकला नाही. मला दाजींचा इतका राग आला होता की जेवताना मी त्यांच्याशी बोलत नव्हते. नंतर त्यांच्याकडं बघवेना, तेव्हा रागही धरवेना.

परतीच्या एसटीत देवळीलाच खाकी सदऱ्यातला एक माणूस चढला आणि माझ्या पुढच्या बाकावर बसला. कंडक्टर त्याला चौकीदार म्हणून हाक मारत होता. मी विचारलं, "टेलला पाणी पोचलं का हो?"

"पोचते ना बाई. पन तिकडचे लोक घेतच नाईत. नाल्यात वाहून जाते."

"घेत नाहीत? तुम्ही बघितलं का जाऊन?" माझा आवाज असा चढला की पुढचे लोक वळून बघायला लागले. "माणसानं उभं पीक बुडवलंय तुम्हाला दाखवायला! उतरा आत्ता आणि चला माझ्याबरोबर!"

त्यानं शांतपणे तंबाखू मळली. "रागावू नका बाई. जाऊन येईन ना. पुढच्या पाळीले."

पुढची पाळी! तोवर तिथं बघायला काय राहणार होतं, वाळली काटकं? रेल्वेत रात्रभर मी मनातल्या मनात त्या माणसाशी भांडत आले. पाणी नसल्यानं शेत मरतं हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. पाण्यावरचा हक्क मरू नये म्हणून माणूस आपल्या हातानं शेत मारतो, हे वर्ध्याला जाऊन बघावं लागलं.

घरी आई दारातच उभी होती. पिशवीसुद्धा खाली ठेवू दिली नाही. "आलं का गं अक्काच्या शेतात पाणी?"

"आलं," मी म्हटलं.

"आलं बाई एकदाचं!" ती लगबगीनं आत गेली, देवापुढं साखर ठेवली, आणि त्यातली चिमूटभर माझ्या हातावर दिली. मी ती खाल्ली.