आमचा चिंतनाचा तास

शिक्षकाला किस्से शोधावे लागत नाहीत, ते खिशातल्या खडूच्या भुकटीसारखे आपोआप साठतात. माझी अडचण एवढीच, की माझ्या किश्श्यांत येडा ठरतो तो दरवेळी मीच!

आमची शाळा जालन्यात, नव्या वस्तीच्या कडेला. 'वाढतं शहर, पर्यावरण आणि आपलेपणा' यावर मुलांना विचार करायला लावायचा तास मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, माझ्या गळ्यात घातला. का? तर मी स्टाफरूममध्ये फार बोलतो म्हणून! मुलं त्याला 'चिंतनाचा तास' म्हणायला लागली.

*

पहिल्याच तासाला म्हणालो, "शहरातल्या आपल्या आवडत्या जागेचं चित्र काढा." वाटलं, कुणी तलाव काढेल, कुणी बाग. अर्ध्या वर्गानं बसस्टँड काढला!

"अरे, बसस्टँडच का?"

"सर, गावाची गाडी तिथूनच लागती!" तीर्थपुरीचा गणेश म्हणाला.

नव्यानं आलेल्या मुस्काननं तर नुसती बसच काढली. वर पाटी, शहागड. तिचे अब्बा तिथं हायवेवर पंक्चर काढायचे, आता इथं गॅरेजमध्ये लागले होते.

"सर, शहागडला गोदावरी आहे," ती म्हणाली. "इथं नळ कधी येतात तेच कोनी सांगत न्हाई. आमचं पानी हुकतं. अम्मी म्हणती, वापस जाऊ."

आमच्याकडे नळ रोज येत नाहीत. आले की गल्लीत आरोळी उठते, पण नव्या भाडेकरूंपर्यंत ती पोचतेच असं नाही. पोरगी हुशार होती, ती गेली तर मला खरंच वाईट वाटणार होतं. मी ठरवलं, हिला हे शहर आपलं वाटायला लावायचंच. त्यासाठी माझ्याकडे हत्यार एकच होतं. भाषण!

*

मग प्लास्टिकमुक्त डब्याची मोहीम निघाली. पहिल्या बाकावरच्या रेणुकाची चटणी प्लास्टिकच्या पिशवीत सापडली. तिला उभं करून मी पृथ्वीच्या भवितव्यावर बोलत होतो, तेवढ्यात दारातून आवाज आला, "सर, तुमचा चहा!" कॅन्टीनचे मामा प्लास्टिकच्या पिशवीत गरमागरम चहा लोंबकळवत उभे!

रेणुका अजून उभीच होती. "सर, बसू का? का दोघं मिळून चिंतन करायचं?"

*

शाळेच्या भिंतीबाहेर कडुलिंबाची रोपं लावली, फोटो काढले, फोटो ग्रुपवर टाकले. फोटोला लाइक येईपर्यंत शेळ्यांनी रोपं साफ केली! मी वर्गात गरजलो, "कुणाच्या शेळ्या या?"

"आमच्याच, सर," रेणुका म्हणाली. "पन तुम्हीच म्हणल्ते ना, शहर सगळ्यांचं हाय!"

*

एकदा जेवणानंतरचा तास होता. म्हणालो, "डोळे मिटा. या शहरानं मला काय दिलं, ते आठवा." मुलांना संकोच वाटू नये म्हणून मीही डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर मोठ्या बाई उभ्या! सगळा वर्ग टक्क जागा, आणि गणेश तोंडावर बोट ठेवून बाईंना सांगतोय, "बाई, हळू बोला. सर लय खोल गेलेत!"

*

मुस्कानसाठी म्हणून एक अख्खा तास मी आपलेपणावर बोललो. बोलता बोलता फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'आपलेपणा' लिहून खाली दोन रेघा मारल्या. तेवढ्यात पुढच्या बाकावर कुजबुज.

"तू राह्यती कुठं गं?" रेणुका मुस्कानला विचारत होती.

"टाकीच्या मागं."

"मंग आमच्या मागचीच गल्ली की! नळ आले की मी आवाज देत जाईन."

मी टेबलावर डस्टर आपटलं. "रेणुका, बडबड बंद! इथं आपलेपणावर महत्त्वाचं चाललंय!"

*

आणि वर्षाअखेरचा तो कार्यक्रम! संभाजीनगरहून पाहुणे आले होते, विषय पाणीबचत. त्यांच्यानंतर मुस्कान 'माझं शहर' या विषयावर बोलणार होती. भाषण अर्थात मीच लिहून दिलं होतं. ती पुढच्या वर्षी इथं असेल का, हे विचारायचं धाडस मात्र मला झालं नव्हतं.

पाहुणे रंगात आले होते. मुस्कान खिडकीशी बसलेली. बाहेर बाया हंडे घेऊन पळताना दिसल्या, आणि पोरगी ताडकन उभी राहिली.

"नळ आलेऽऽऽ!"

हॉलमध्ये एकच पळापळ! मोठ्या बाई स्टेजवरूनच घरी फोन लावायला लागल्या, "अहो, मोटार चालू करा!" पाहुणे माईक धरून उभेच. मी धावत जाऊन दार अडवलं.

"मुस्कान, अगं, तुझं भाषण राहिलंय!"

"सर, हटा ना जल्दी! परवाच आमच्या शेजारी टेंभुर्णीचे लोक राह्यला आले. बिचारे नवीन आहेत, त्यांना कोन सांगनार?"